शून्य ते एकवीस

आमच्या सरांना तीन भाषा येत होत्या आणि त्यांनी त्या कामाप्रमाणे वाटून टाकल्या होत्या. माणसांशी मराठी, उंदरांशी कन्नड आणि यंत्रांशी दखनी. उंदरांशी कन्नडच का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले की आपले उंदीर बेंगळूरहून येतात, इथं उतरल्यावर त्यांना परकं वाटू नये. यंत्रांचं कारण वेगळं होतं. यंत्र ऐकेनासं झालं की त्याला बोलावं लागतं, आणि बोलणं असं हवं की बोलणाऱ्यालाच हसू यावं, नाहीतर हातून तोडफोड होते. आमचा फ्रीजर दर उन्हाळ्यात रुसायचा. सर त्याच्या दाराशी उभे राहून अगदी हळू म्हणायचे, "क्या मियाँ, आज बी नक्को?" मग बाजूला दोन चापट्या. तो सुरू व्हायचा. मी तेच शब्द आणि त्याच चापट्या वापरून पाहिल्या. माझ्यासाठी तो एकदाही सुरू झाला नाही.

सर मूळचे हुमनाबादचे. आमचं गाव निर्णा तिथून जवळच, त्यामुळे पहिल्याच भेटीत त्यांनी मी कुणाची, कुठल्या गल्लीतली हे विचारून घेतलं आणि पुढे कित्येक वर्षं त्याचा उल्लेखही केला नाही. उंची बेताची, बोटं लांब, आणि डोक्यावर कायम ओला पंचा. आमची लॅब कलबुर्गीला, तिथल्या उन्हात तो शहाणपणाच होता, पण सर तो एसीच्या खोलीतही काढायचे नाहीत. एकदा दिल्लीहून काम बघायला आलेल्या बाईंनी त्यांना झाडांना पाणी घालणारे समजून गाडीतली बॅग आणायला सांगितलं. सरांनी बॅग आणली, टेबलावर ठेवली आणि तिथूनच आपल्या कामाची माहिती द्यायला सुरुवात केली. बाई पुढचा तासभर खाली मान घालून लिहीत होत्या.

काम काय करतेस, असं गावाकडे कुणी विचारलं की मी "मणक्याच्या लॅबमधे आहे" म्हणायचे, आणि लोक समजायचे की मी एक्स-रे काढते. खरं काम असं होतं. पाठीच्या कण्यातून जो मज्जारज्जू जातो, तो एकदा चेंगरला किंवा तुटला की त्याच्यातले धागे पुन्हा एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. मधे पोकळी पडते आणि वाढू बघणारा धागा तिथवर येऊन भरकटतो. त्या पोकळीत बसवायला सर एक मऊ तुकडा बनवत होते, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. तो रेशमाचा असे. कोश धुण्याच्या सोड्यात उकळायचे, वरचा डिंक निघून गेला की उरलेलं रेशीम विरघळवायचं, साच्यात ओतायचं आणि खालून गोठवत आणायचं. गोठताना त्यात बर्फाच्या सुया एकाच दिशेनं उभ्या वाढतात. नंतर तो बर्फ उडवून लावला की रेशमात बारीक बारीक बोगदे उरतात आणि धाग्याला पलीकडे जायला वाट मिळते. सर म्हणायचे की आपण काही दोडक्याचा वेल वाढवत नाही, आपण फक्त मांडव घालतो, चढायचं ते त्याचं त्यानं.

हे कोश आमच्याच भागातल्या एका शेतकऱ्याकडून यायचे. सर ते घ्यायला स्वतः जायचे आणि एकेक कोश कानाशी धरून हलवून बघायचे. शेतकरी त्यांना "नारळवाले सर" म्हणायचा. पहिल्या वर्षी तो हसायचा, दुसऱ्या वर्षापासून सर पोचायच्या आधी तोच स्वतः कोश हलवून वेगळे काढून ठेवायला लागला.

त्यांच्या हाताखाली काम करायचं म्हणजे काही शब्द विसरावे लागत. "छान", "बरं वाटतंय", "सुधारलंय" हे लॅबमधे चालत नसे. कुणी असं काही बोललं की सर लगेच "किती?" म्हणायचे. ऑफिसातले कारकून घाम पुसत म्हणाले की सर, आज ऊन फार आहे, तर सरांनी विचारलं, "किती?" त्या बिचाऱ्यांनी शेवटी स्वतःच्या पैशानं एक तापमापक आणून व्हरांड्यात टांगला. घरीही तेच. काकू, म्हणजे सरांची बायको, मला एकदा सांगत होत्या की लग्नानंतर पहिल्यांदा केलेल्या उप्पिटाला सरांनी दहापैकी साडेसहा दिले होते. काकूंनी तेव्हापासून विचारणंच सोडलं, आणि सर त्यांनी न विचारताही गुण देत राहिले. आठच्या वर ते कधी गेले नाहीत, असं काकू मोठ्या समाधानानं सांगायच्या.

आता लघवीचं सांगायला हवं. पाहुण्यांसमोर आम्ही ते सांगत नसू, पण लॅबचा अर्धा दिवस त्यातच जायचा. मणक्याला मार लागलेल्या उंदराला आपली आपण लघवी होत नाही. त्याला हातात घेऊन, पोटाखाली बोटांनी चाचपून, बोराएवढी फुगलेली पिशवी हलकेच दाबून रिकामी करावी लागते. सकाळ-संध्याकाळ, सणवार न बघता. एक वेळ चुकली तर उंदीर हातचा जातो. मोठमोठ्या लॅबमधे हे काम नवख्यांवर ढकलतात म्हणे. आमच्याकडे सर सगळ्यात आधी येऊन बसायचे. उंदीर तळहातावर घेऊन पुटपुटायचे, "स्वल्प ताळप्पा, स्वल्प ताळू," म्हणजे जरा सोस बाबा, जरा सोस. आणि ओंजळीत ओल आली की अगदी आनंदानं, "आयतु," झालं.

सरांच्या मुलीचं लग्न हुमनाबादला होतं. सरांनी लॅबमधल्या झाडून सगळ्यांना सुट्टी दिली आणि जेवल्याशिवाय कुणी परत यायचं नाही अशी तंबी दिली. आम्ही गेलो, अक्षता पडल्या, पंगत बसली. वाढणी चालू असताना काकूंच्या लक्षात आलं की सर कुठं दिसत नाहीत. व्याही विचारायला लागले. काकूंनी अजिबात न गडबडता सांगितलं की त्यांचे पेशंट अडून बसलेत, बघून येतो म्हणालेत. संध्याकाळी पाठवणीची वेळ झाली तरी सरांचा पत्ता नाही. नवरी म्हणाली, बाबा आल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. तासभर सगळं वऱ्हाड ताटकळलं. मग सर आले, लग्नातलं धोतर, डोक्यावर फेटा, आणि फेट्याच्या खालून ओला पंचा. अंगाला उंदरांचा वास. कलबुर्गीला जाऊन, सगळ्या पिशव्या रिकाम्या करून आले होते. आम्हा सगळ्यांना सुट्टी दिल्यावर दुसरं कोण करणार होतं? हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही तोवर दोन वेळा जिलबी घेतली होती.

आता दत्तूचं सांगते. दत्तू माझा धाकटा भाऊ. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा तो हुमनाबादच्या अडतीवर तुरीनं भरलेल्या ट्रॉलीवरून पडला. पोती मोकळी करायला वर चढला होता. खाली फरशीची कड होती. कमरेखालचं सगळं गेलं. बावीस वर्षांचा होता.

मी सरांच्या लॅबमधे गेले ती त्याच्यासाठी. सरांना हे सांगितलं नव्हतं. मुलाखतीत मी विषयाची आवड वगैरे सांगितलं. घरी मात्र उलटं होतं. आमची माय सगळ्यांना सांगत फिरायची की माझी लेक मणका बनवायलीय. गाणगापूरला गेली तेव्हा तिनं दत्तमहाराजांनाही तेच सांगितलं. मी दर पंधरा दिवसांनी निर्ण्याला जायचे आणि काहीतरी चांगली बातमी घेऊन जायचे. एका उंदरानं पाय उचलला, एकानं दोन पावलं टाकली. मी खोटं सांगत नव्हते, फक्त निवडून सांगत होते. बातमी सांगून झाली की मी दत्तूचे तळवे पेन्सिलीनं खाजवायचे आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे. तो डोळे मिटून थोडा वेळ विचार करायचा आणि म्हणायचा, "आज न्हाई वाटायलं अक्का. बघू पुढच्या बारीला."

एका शिबिरात त्याला चाकाची खुर्ची मिळाली होती. ती आतल्या खोलीत तशीच होती, वरचं प्लास्टिकही न काढलेली. दत्तू तिच्यात बसायला तयार नव्हता. मायला तो हट्ट वाटे. मला ती जिद्द वाटे. खुर्चीत बसणं म्हणजे पायांवर पाणी सोडणं, आणि माझा भाऊ ते सोडत नाही, याचा मला अभिमान होता. मी तो बोलूनही दाखवायचे.

उंदीर चालतो की नाही हे आम्ही एका मोठ्या गोल टबमधे बघायचो. उंदराला त्यात सोडायचं, चार मिनिटं बघायचं आणि मागच्या पायांना शून्य ते एकवीस यांतले गुण द्यायचे. शून्य म्हणजे पाय नुसते ओढले जातात, एकवीस म्हणजे धडधाकट उंदीर. दोघांनी बसायचं, एकमेकांशी बोलायचं नाही, कागद झाकून ठेवायचा. आणि मुख्य म्हणजे कुठल्या उंदराच्या पाठीत रेशमाचा तुकडा आहे आणि कुठल्याच्या पाठीत काहीच नाही, हे बघणाऱ्याला कळता कामा नये. ती यादी बंद पाकिटात, पाकीट ग्रंथपालांच्या कपाटात. शस्त्रक्रियेच्या खोलीत जो उभा राहील त्यानं टबापाशी यायचं नाही, हा सरांचा नियम, आणि तो ते स्वतःलाही लावायचे.

मी त्या खोलीत कधी गेले नाही. मी बाहेर दाराशी असायचे. पिंजऱ्यांचे आकडे वाचून एकेक उंदीर आत द्यायचा आणि टाके घातलेला परत घ्यायचा, एवढंच माझं काम. पण दार पातळ होतं आणि आत सर उंदरांशी कन्नड बोलायचे. पहिल्या दिवशी मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं. ज्याच्या पाठीत तुकडा बसवला त्याला सर शेवटी म्हणायचे, "एळप्पा, एळू." ऊठ बाबा, ऊठ. ज्याच्या पाठीत काही घातलं नाही त्याला म्हणायचे, "ताळप्पा." सोस बाबा. एकदाही चुकलं नाही.

मी तेव्हाच सरांना सांगायला हवं होतं. दारावर टकटक करून, सर तुम्ही बोलताय ते बाहेर ऐकू येतंय, एवढं एक वाक्य. ते मी बोलले नाही. मी आकडे पाठ केले.

टबापाशी बसल्यावर मी लबाडी केली असं मला आजही वाटत नाही, आणि हेच मला जास्त टोचतं. मी त्या उंदरांकडे बघायचे आणि मला खरंच त्यांचा पाय टेकलेला दिसायचा. तळवा खाली, बोटं पसरलेली, अंगाचा भार क्षणभर त्याच्यावर. मी लिहायचे नऊ. शेजारी बसलेली माझी मैत्रीण लिहायची पाच. पाच महिने असं चाललं. दर पंधरवड्याला मी निर्ण्याला जाऊन सांगायचे की आता नऊपर्यंत आलेत.

एका दुपारी सरांनी मला बोलावलं. त्यांच्या पुढे माझे कागद होते, मैत्रिणीचे कागद होते, आणि चालणाऱ्या उंदरांचे व्हिडिओ त्यांनी स्वतः आकडे झाकून पुन्हा बघितले होते. काही मोजक्या उंदरांपुरतेच माझे गुण चढे होते. बाकी सगळीकडे मी आणि मैत्रीण बरोबर जुळत होतो. सर म्हणाले, "कुठल्या उंदराच्या पाठीत काय हाय, हे तुला कोण सांगितलं?"

मला वाटलं होतं की विचारलं तर मी नाही म्हणेन. पण तोंडातून निघालं, "तुम्हीच सर."

मग मी सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले. त्यांनी डोक्यावरचा पंचा काढून मांडीवर ठेवला. त्यांचे केस इतके विरळ झालेत हे मी पहिल्यांदाच बघत होते. मग त्यांनी विचारलं की मी असं खरंच म्हणतो का. म्हणता, मी म्हटलं. प्रत्येक वेळी? प्रत्येक वेळी. जगातल्या प्रत्येक गोष्टीला "किती" विचारणाऱ्या माणसाला आपण काय पुटपुटतो हे ठाऊक नव्हतं. त्यांना माझा राग आला नव्हता, ते खजील झाले होते, आणि ते बघणं रागापेक्षा फार कठीण होतं.

"मला पाय टेकलेला दिसला होता सर," मी म्हटलं.

"दिसला असंल. म्हणून तर झाकून ठेवायचं असतंय." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "ज्याला काही पडलेलं न्हाई त्याला असं दिसत न्हाई. तुझं कोण हाय घरी?"

मी दत्तूचं सांगितलं. पडल्याला चार वर्षं झाली होती तेव्हा.

उंदरांची ती सगळी खेप सरांनी बाद केली. पाच महिन्यांचं काम, आणि त्यांच्या निवृत्तीला जेमतेम दीड वर्ष उरलेलं. वर पाठवलेल्या पत्रात त्यांनी लिहिलं की माझ्या बोलण्याच्या सवयीमुळे गुप्तता मोडली, दोष माझा. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं. मी म्हटलं की सर, माझंही लिहा. ते म्हणाले की तू ऐकलीस, मी बोललो, आधी कोण? आणि येत्या रविवारी मी तुमच्याकडं जेवायला येतोय, असं सांगून टाकलं.

मायला वाटलं की दत्तूला केव्हा न्यायचं ते सांगायला सर येतायत. तिनं शेंगादाण्याच्या पोळ्या केल्या, अंगण सारवलं, शेजारच्या दोघी दाराशी येऊन बसल्या. सर हुमनाबादहून आले, चपला काढल्या, पाणी प्याले आणि सरळ दत्तूच्या बाजेवर टेकले. पायांबद्दल एक शब्द नाही. तूर किती झाली, कुठल्या अडतीवर देता, असं विचारत विचारत म्हणाले की जरा कुशीवर होतोस का. आणि त्याला आधार देऊन वळवून, बनियन वर करून त्यांनी पाठ बघितली, मग कंबर, मग खुबे. डाव्या खुब्यावर रुपयाएवढी जखम होती. कडा काळ्या पडलेल्या. वर हळद लावलेली. माय म्हणाली की महिना झाला, त्याला दुखत तर नाही, म्हणून लेकीला सांगितलं नाही, तिच्या जिवाला घोर नको.

सर माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता, पण इतका कोरडा मी कधी ऐकला नव्हता. "उंदराची पाठ तू दिवसातनं दोन बारी बघतीस. ह्याची कवा बघितलीस?"

मी ती कधीच बघितली नव्हती. मी फक्त तळवे बघत होते.

त्यांनी जखम धुतली, मायला आरसा मागितला, तो खुब्याखाली धरून रोज कसं बघायचं ते दाखवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, उद्याच्या उद्या हुमनाबादला डॉक्टरांना दाखवायचं. माय मान डोलावत होती, पण तिचं लक्ष पुढच्या बोलण्याकडे होतं. शेवटी तिनंच विचारलं, "मंग सर, त्याला कवा न्यायचं?"

"न्यायचं न्हाई अक्का," सर म्हणाले. आणि मग दत्तूकडे बघत त्यांनी सांगितलं, जसं लॅबमधे सांगत तसं, एकेक गोष्ट वेगळी करून. "आम्ही तुकडा घालतो ते मार लागल्या लागल्या, जखम ताजी असताना. तुझ्या जखमेला चार वर्षं झालीत. तिथं आता व्रण घट्ट झालाय. त्यातनं वाट काढायला मला येत न्हाई. आजच्या घडीला कुणाला येत असंल असं मला ठाऊक न्हाई. आन ताज्या जखमेचे उंदीर बी चालायले न्हाईत रे. पाय टेकतेत, पडतेत. तुला कुणी येगळं सांगितलं असंल तर ते बरोबर न्हाई."

दत्तूनं सरांकडे बघितलंच नाही. तो सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. सरांचं संपल्यावर "बरं सर" एवढंच म्हणाला.

मायनं विचारलं, "मंग ही एवढे दिवस तिथं काय करायलीय?"

"उद्या जो पडंल, त्याच्यासाठी करायलीय."

दारातल्या शेजारणी कधी उठून गेल्या ते कळलं नाही. मग माय उठली आणि तिनं पानं वाढली. मला वाटलं होतं, सर आता चार घास खाऊन निघतील. ते पोटभर जेवले, शेंगादाण्याची पोळी दोनदा मागून घेतली आणि जाताना मायला म्हणाले, "अक्का, नऊ." मायला काय समजलं कुणास ठाऊक, पण हे काकूंच्या कानावर कधी घालायचं नाही हे मी तिथंच ठरवलं.

पुढची खेप सरांनी तोंडात लवंग धरून केली. लवंग दाताखाली असली की बोलता येत नाही. आत शिरताना ते डबीतून एक काढायचे आणि शेवटचा टाका होईपर्यंत ती तशीच धरायचे. मी टबापाशी बसणं सोडलं होतं. सकाळ-संध्याकाळ पिशव्या दाबायचं काम मागून घेतलं होतं आणि ते मला आवडायला लागलं होतं. शेवटी पाकीट फुटलं तेव्हा तुकडा घातलेल्यांमधे आणि न घातलेल्यांमधे फरक निघाला. थोडा होता, पण होता, आणि तो कुणाच्या डोळ्यांनी घातलेला नव्हता. सर त्या कागदाकडे बघत राहिले आणि कुणीतरी "छान झालं सर" म्हणालं तेव्हा त्यांनी "किती" विचारलं नाही. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. आता हुमनाबादला असतात. आजूबाजूच्या खेड्यांत कुणी झाडावरून, ट्रॉलीवरून पडून अंथरुणाला खिळलं असेल तर पिशवीत एक हातआरसा घेऊन जातात आणि घरच्या लोकांना पाठ बघायला शिकवतात. मी लॅबमधेच आहे. नवीन सर चांगले आहेत, उंदरांशी ते काही बोलत नाहीत.

पण त्या रविवारी सर गेल्यावर काय झालं, ते सरांना मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

मी त्यांना पाचच्या बसला सोडून घरी आले. दत्तू चिडेल, रडेल, मला बोलेल, या सगळ्याची मी वाटेतच तयारी केली होती. तो शांत होता. म्हणाला, "अक्का, आतली खुर्ची काढ."

मी म्हटलं की आज नको, आज तुझं मन ठिकाणावर नाही, रागाच्या भरात काही करू नकोस.

"मला कशाचा राग? पाय येत न्हाईत हे मला तीन वर्षं झाले ठाऊक हाय. मोबाइल हाय की माझ्याजवळ. मला काय वाचाया येत न्हाई व्हय?"

मग बसला का नाहीस एवढे दिवस, मी विचारलं. तो चादरीची कड बोटानं सरळ करत राहिला.

"तू दर पंधरा दिवसाला यायचीस. तळव्याला पेन्सिल लावायचीस आन माझ्या तोंडाकडं बघायचीस. मी खुर्चीत बसलेला दिसलो असतो तर तुला काय वाटलं असतं? भावानंच सोडून दिलं म्हणली असतीस. मंग तू बी सोडली असतीस. म्हणलं, ऱ्हाऊ दे, तिचं चालायलंय तवर चालू दे. मला काय, पडूनच तर ऱ्हायचंय."

तीन वर्षं. मला वाटत होतं की मी त्याच्यासाठी आशा जिवंत ठेवलीय, आणि तो माझ्यासाठी ती पाठीवर घेऊन झोपून होता. खुब्याला जखम पडेपर्यंत.

मी प्लास्टिक फाडलं. चाकात हवा नव्हती, शेजारून सायकलचा पंप आणला. माय आणि मी मिळून त्याला उचललं, आणि तो किती हलका झालाय हे तेव्हा माझ्या हातांना कळलं. मायनं खाली दुहेरी उशी घातली. उंबऱ्यावर फळी टाकली. मी ढकलायला मागं गेले तर म्हणाला, राहू दे. दोन्ही हातांनी चाकं धरून, एकदा डावीकडे कलंडत, एकदा उजवीकडे, तो अंगणातून रस्त्यापर्यंत गेला. रस्त्यावर शेताकडून परतणारे एक काका सायकलवरून उतरून उभे राहिले. त्याला चार वर्षांत कुणी घराबाहेर बघितलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "कामून रे दत्तू, आज बाहेर?"

"आज अक्काला सुट्टी हाय," दत्तू म्हणाला.